निळे डाग, ओली शेड: नागपुरातल्या एका फर्निचर कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरात, लकडगंजच्या लाकूडबाजारापासून फार लांब नाही अशा ठिकाणी हा फर्निचरचा कारखाना आहे. पत्र्याची शेड, आठ माणसं, एक आरा, एक रंधा मशीन आणि मागे माल ठेवायला अर्धी उघडी पडवी. सासऱ्यांच्या काळात इथे फक्त सागवान यायचं, तेही चंद्रपूर-गडचिरोलीकडचं. सासरे गेल्यावर सूनबाईंनी कारभार हातात घेतला. कामगार, पुरवठादार, गिऱ्हाईक सगळेच त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. सात-आठ वर्षांपूर्वी ताईंनी पाइन आणायला सुरुवात केली. वसतिगृहं, कॅफे, मुलांच्या खोल्या या कामांना सागवानाचा भाव झेपत नाही आणि रंधा मारलेला पाइन उजळ दिसतो, लोकांना आवडतो.

मी वनस्पतिरोगशास्त्र शिकलेला माणूस. आता लाकूड तपासून देण्याची, साठवण कशी करावी हे सांगण्याची लहानमोठी कामं करतो. ताईंची ओळख त्यातूनच. ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, माझ्या चुकीसकट.

काम होतं मुलींच्या एका वसतिगृहासाठी तीस दुमजली पलंग करून देण्याचं. जुलैच्या मध्यापर्यंत पलंग बसवून हवे होते, कारण त्यानंतर मुली राहायला येणार होत्या. ताईंनी 260 घनफूट पाइन गांधीधामच्या एका व्यापाऱ्याकडून मागवला. कांडला बंदरावर न्यूझीलंडहून पाइनचे ओंडके जहाजाने येतात आणि शेजारच्या गांधीधामच्या आरा गिरण्यांत चिरले जातात. देशभर विकला जाणारा बराच पाइन या वाटेने फिरतो. बिलावर ‘सीझन्ड’ असा शब्द होता, म्हणजे सुकवलेला माल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक आला. मिस्त्रींनी, म्हणजे सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या जुन्या सुतारांनी, फळ्या पडवीत एकावर एक सपाट रचल्या आणि थप्पीवर ताडपत्री घट्ट आवळून बांधली. सागवानाच्या फळ्या ते वर्षानुवर्षं अशाच रचत आले होते. तिसऱ्या दिवशी पावसाने सुरुवात केली.

डाग दिसले तेव्हा

आठवड्याभराने ताडपत्री उघडली तर बऱ्याच फळ्यांवर निळसर-राखाडी पट्टे. ताईंनी मला फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. “सर, लाकूड काळं पडून राहिलं. पाहा न जरा.”

फोटोतल्या फळीच्या टोकावर निळे पट्टे स्पष्ट दिसत होते. परिघाकडे रुंद आणि आत जाताना निमुळते, पोळीच्या चतकोरासारखे. हा आकार मी पुस्तकांत आणि लाकडात इतक्यांदा पाहिला आहे की दुसरं काही मनातच आलं नाही. मी सांगितलं, “हा निळा डाग आहे. झाड पाडल्यावर साल पोखरणारे भुंगे जी बुरशी घेऊन येतात, तिचा. लाकूड कुजत नाही. बिनधास्त काम सुरू करा.”

पहिला चुकीचा निर्णय इथे झाला आणि तो माझा होता. सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण फोटोवरून ओलावा कळत नाही, आणि तो मी विचारलाच नाही.

ताईंनी ताडपत्री परत बांधली. आधी दुसरं एक काम संपवायचं होतं. सहा दिवसांनी वसतिगृहाच्या बांधकामावर देखरेख करणारे अभियंता साहेब अचानक पाहणीला आले. त्यांनी ताडपत्री वर केली आणि कुबट वास आला. वरच्या थरावर आता हिरवट-काळे, केसाळ ठिपके होते. खाली फरशीवर बारीक पिवळसर पीठ पडलेलं होतं. साहेबांनी तीन वाक्यांत विषय संपवला. लाकूड आजारी झाडाचं आहे, त्यात कीड जिवंत आहे, आणि दम्याच्या मुलींना हे पलंग देता येणार नाहीत. माल बदला, नाहीतर कामाचा आदेश रद्द.

त्याच संध्याकाळी शेजारचा सागवानाचा व्यापारी येऊन म्हणाला, “ताई, तुमचा किडा माझ्या मालात शिरला तर?”

भुंगा आणि बुरशी यांचं नातं

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता. मिस्त्रींनी तो सरळ विचारला. “सर, हे झाड बिमार होतं का जी?”

याचं उत्तर झाड कुठलं, भुंगा कुठला यावर अवलंबून आहे आणि इथेच बहुतेक लोकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या पाइनच्या जंगलांत डेन्ड्रोक्टोनस पॉन्डेरोसी नावाचा भुंगेरा आहे. आकार साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. मादी साल भोकसून आत शिरते. पाइन गप्प बसत नाही, भोकातून राळ ओततो आणि धडधाकट झाड एकट्यादुकट्या भुंग्याला त्या राळेत बुडवून मारतं. पण भुंगेरा त्याच राळेतल्या द्रव्यापासून असा गंध तयार करतो की आसपासचे शेकडो भुंगे त्याच झाडावर येतात. राळ पुरत नाही आणि झाड हरतं.

या भुंग्याच्या तोंडाच्या भागात सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत बुरशीचे बीजाणू असतात. बोगदा कोरता कोरता भुंगा ते बीजाणू लाकडाच्या उंबरठ्यावर पेरत जातो. बुरशी बाहेरच्या पांढऱ्या, पाणी वाहणाऱ्या लाकडात शिरते, तिथल्या किरणपेशींतल्या, म्हणजे सालीकडून गाभ्याकडे आडव्या जाणाऱ्या पेशींतल्या, साखरेवर आणि राळेवर जगते, आणि त्याच पेशींच्या वाटेने गाभ्याकडे सरकते. म्हणून डाग चतकोरासारखा दिसतो. निळा-राखाडी रंग तिच्या तंतूंतल्या मेलॅनिनमुळे येतो, आपल्या केसांत आणि कातडीत असतं त्याच जातीचं रंगद्रव्य. बदल्यात भुंग्याच्या अळ्यांना खायला मिळतं, कारण नुसत्या सालीत पोषण कमी आणि बुरशीत नत्र भरपूर.

मिस्त्री ऐकून घेत होते. मग म्हणाले, “म्हणजे तिफण हाये ते. चालत जाते अन् बी सोडत जाते.”

मला इतकी नेमकी उपमा कधी सुचली नव्हती. फरक इतकाच की इथे तिफणीच्या पोरांना तेच पीक खायचं असतं.

पाणी वर चढायचं थांबलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाडाच्या सुया लाल पडतात, नंतर गळून झाड राखाडी सांगाडा होतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990च्या दशकाच्या अखेरीपासून या भुंग्याचा जो उद्रेक झाला त्याचा फटका सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टरला बसला. अख्ख्या महाराष्ट्राचं निम्म्याहून जास्त क्षेत्र एवढं भरतं. हिवाळे सौम्य होत गेले हे त्यामागचं एक मोठं कारण, कारण उणे 40 अंशांच्या आसपासची कडक थंडी अळ्यांना मारते आणि तशी थंडी पडेनाशी झाली. त्या प्रांतात मेलेल्या झाडांचं निळं लाकूड इतकं निघालं की तिथल्या लोकांनी त्याला ‘डेनिम पाइन’ असं नाव देऊन विकायला काढलं. झाड नेमकं कोण मारतं, बुरशी की भुंग्यांनी सालीखाली घातलेला विळखा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आपल्या मिस्त्रींच्या प्रश्नासाठी तो वाद महत्त्वाचा नव्हता.

कारण ताईंकडचा पाइन त्या जंगलातला नव्हताच. न्यूझीलंडमध्ये लावला जातो तो रेडिएटा पाइन. मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचा, पण तिकडच्या लागवडीच्या जंगलात आता जवळपास सगळा तोच. तिथे साल पोखरणारे दोन परके भुंगेरे आहेत, हायलास्टिस एटर आणि हायलर्गस लिग्निपर्डा. पहिला 1929मध्ये आढळला, दुसरा 1974मध्ये. दोघंही मूळ युरोपाकडचे. हे भुंगे उभं मोठं झाड पाडत नाहीत. झाडं तोडल्यावर उरलेले बुंधे आणि जंगलात पडून राहिलेले ओंडके हे त्यांचं घर. लहान रोपांच्या मुळांना ते कुरतडतात तेवढाच त्यांचा जिवंत झाडाला त्रास. ओंडक्यात शिरताना मात्र निळ्या डागाची बुरशी ते अंगावर घेऊन येतात. शिवाय हवेतून, पावसाच्या शिंतोड्यांतून, आऱ्याच्या पात्यावरूनही ही बुरशी ओल्या ओंडक्यात पोचते, भुंगा पाहिजेच असं नाही.

म्हणजे मिस्त्रींना उत्तर असं होतं: झाड बिमार नव्हतं, ते करवतीने मेलं. बुरशी नंतर आली.

पाहणीत काय दिसलं

एवढं बोलून झाल्यावर मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते काम केलं. थप्पी उलगडली.

एका फळीच्या कडेला दोन बोटं रुंदीची साल राहून गेली होती. मिस्त्रींनी पटाशीने ती उचकटली. खाली लाकडावर धाग्याच्या दिशेने एक लांब खाच कोरलेली, तिच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या वाटा, आणि खाचेत पिठासारखा सुका भुसा. एक अर्धवट मोडलेलं काळं पंखाचं कवच मिळालं, बाजरीच्या दाण्याएवढं. जिवंत काहीच नाही. हे भुंगे ओल्या, ताज्या सालीखाली वाढतात. चिरलेल्या फळीत त्यांना ना घर ना खाणं, सागवानात तर नाहीच नाही. शेजारच्या व्यापाऱ्याला बोलावून ती खाच दाखवली, तो शांत झाला.

मग फरशीवरचं पिवळं पीठ कुठून आलं? थप्पीच्या मागे भिंतीला टेकवलेले सात-आठ जुने बांबू होते. रंगकामाच्या परांचीसाठी आणलेले, दोन वर्षं तसेच पडलेले. एक उचलून आपटला तर त्यातून मैद्यासारखी धार लागली. बांबूचा घुण. त्याचा पाइनशी काही संबंध नाही, हा आपला घरचाच किडा आहे. अभियंता साहेबांनी पीठ पाहिलं, निळा डाग पाहिला आणि दोन्ही जोडले. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता डागांकडे. ओल्या फडक्याने पुसल्यावर हिरवट-काळे केसाळ ठिपके बरेचसे निघून आले. निळे पट्टे तसूभरही हलले नाहीत. एका फळीला मिस्त्रींनी रंध्याचे चार हात मारले, पट्टा तसाच. मधोमध कापली, आतही तोच चतकोर, आणि गाभा मात्र लखलखीत. म्हणजे इथे दोन वेगळ्या बुरश्या होत्या. निळी ओंडक्यातच आत शिरून इथवर आलेली, आणि केसाळ ही आपल्या पडवीत, ताडपत्रीखाली, गेल्या दोन आठवड्यांत जन्मलेली.

शेवटी ओलावा मोजायचा पिनांचा मीटर लावला. वरच्या फळ्या 18 टक्के. थप्पीच्या मधल्या फळ्या 26, 28, एक 31. ‘सीझन्ड’ म्हणून घेतलेला माल इतका ओला होता. 20 टक्क्यांच्या खाली ओलावा आला की या कुठल्याही बुरशीची वाढ थांबते, त्याच्या वर ती खुशाल वाढते. ताईंना मी विचारलं की माल सुका आहे हे कशावरून धरलं. त्यांनी थप्पीखालचे आडवे ओंडे दाखवले. त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि ‘एचटी’ अशी अक्षरं भाजलेली होती. “हे मारलेलं असलं म्हणजे भट्टीतून काढलेलं असते न सर?”

असतं, पण वाळवायला नव्हे. लाकडी पॅकिंगबद्दलचा आंतरराष्ट्रीय नियम 2002 साली ठरला. त्यानुसार गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान सलग 30 मिनिटं राहिलं की किडे आणि सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म जंत, मरतात आणि ‘एचटी’ म्हणजे हीट ट्रीटमेंटचा ठसा मिळतो. पाइनच्या बाबतीत भीती मुख्यतः एका सूत्रकृमीची होती, ज्याने जपानमधले पाइन मोठ्या प्रमाणात वाळवले. त्याला वाहून नेणारा भुंगा वेगळा, लांब मिशांचा. ठशाचा अर्थ इतकाच की आत जिवंत कीड नाही. असं लाकूड ओलं असू शकतं आणि नंतर त्याला बुरशीही लागू शकते. शिवाय ठसा खालच्या ओंड्यांवर होता, फळ्यांवर नव्हे.

मिस्त्री गप्प होते. सागवान सपाट रचलं तरी चालतं, कारण ते बहुधा वाळलेलंच येतं आणि त्यात स्वतःचं तेल असतं. पाइनच्या थरांत हवा खेळायला मधे पट्ट्या लागतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सात वर्षांत पाइन कायम उन्हाळ्यात आला होता आणि नागपूरच्या मे महिन्यात ओलं काही टिकतच नाही. या वेळी तो पावसाबरोबर आला.

पर्याय

सोळा दिवस उरले होते. ताई, मिस्त्री आणि मी चहा घेत बसलो.

पूर्ण माल परत पाठवणं हा पहिला विचार. व्यापाऱ्याशी ताईंचं फोनवर बोलणं झालं. निळा डाग नैसर्गिक आहे, रंध्याने जाईल, असं तो म्हणत होता. डाग नैसर्गिक असतो हे खरं, रंध्याने जातो हे खोटं. ओलाव्याच्या आकड्यांवर तो नरमला, पण नवा माल पोचायला दहा-बारा दिवस, तोही पावसात. पलंग वेळेत होणं शक्य नव्हतं.

ब्लीच मारून रंग द्यावा, असा कुणीतरी सल्ला दिला होता. दोन फळ्यांवर करून पाहिलं. वरची केसाळ बुरशी पांढरी पडली, निळा रंग आत तसाच, आणि फळी अजून ओली झाली. हा पर्याय तासाभरात संपला. खरं सांगायचं तर मला तो आवडलाही नव्हता, कारण रंगाखाली ओलं लाकूड बंद करणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात रंग फुगलेला पाहणं.

सगळं पॅकिंगवाल्यांना विकून टाकावं, हाही विचार झाला. अर्ध्याहून कमी भावात गेलं असतं.

उरला तो पर्याय जरा कटकटीचा: लाकूड भट्टीत वाळवायचं, मग वेगळं काढायचं, आणि निळं लाकूड जिथे चालतं तिथेच वापरायचं. पण यासाठी गिऱ्हाईकाला सगळं उघडपणे सांगणं भाग होतं. ताई यावर बराच वेळ अडल्या. त्यांचं म्हणणं होतं की निळा भाग पलंगाच्या आत जाईल, गादीखाली, कुणाला दिसणारही नाही, मग कशाला सांगायचं. साहेबांनी तो आधीच पाहिला होता म्हणून बरं, नाहीतर मला वाटतं त्या दिवशी ताईंनी न सांगण्याचंच ठरवलं असतं. आणि धंद्याच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं चूक आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

काय केलं

हिंगणा एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखान्याची वाळवण भट्टी भाड्याने मिळाली. पाच दिवस. रोज मधल्या फळ्यांचा मीटर घेतला आणि 12 टक्क्यांवर आल्यावर बाहेर काढल्या. घाई करून तापमान वाढवलं असतं तर दोन दिवस वाचले असते, पण लाकूड बाहेरून कडक आणि आतून ओलं राहून फाटलं असतं. एवढी सावधगिरी घेऊनही चौदा फळ्या पिळल्या, त्या फेकाव्या लागल्या.

इकडे पडवी रिकामी झाली तशी ती धुवून कोरडी केली. ताडपत्री बाजूंनी उघडी ठेवून वर छपरासारखी ताणली.

अभियंता साहेबांना कारखान्यात बोलावलं. भाषण करायचं नाही असं मी ठरवलं होतं. आधी बांबू आपटून दाखवला. मग सालीखालची खाच. मग पुसून निघणारा आणि न निघणारा डाग. शेवटी मिस्त्रींनी स्वतःहून एक गोष्ट केली जी माझ्या यादीत नव्हती. एक निळी आणि एक स्वच्छ, एकाच मापाच्या दोन फळ्या घेतल्या, दोन्हीकडे विटा ठेवून त्यावर आडव्या टाकल्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर सिमेंटच्या तीन-तीन पोत्यांचा भार ठेवला. मधे दोरी ताणून झोल मोजला. दोन्ही फळ्या सारख्याच वाकल्या. साहेबांनी गुडघ्यावर बसून खालून पाहिलं.

हा शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण निकाल अपेक्षित होता. निळ्या डागाची बुरशी लाकडाचा सांगाडा, म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन, खात नाही, पेशींतला खाऊ तेवढा संपवते. स्थिर भार पेलण्यात फारसा फरक पडत नाही. अचानक बसणाऱ्या धक्क्याला मात्र निळं लाकूड थोडं कमी टिकतं. म्हणून मी एक अट घातली, जी साहेबांनी मागितली नव्हती: वरच्या पलंगावर चढायच्या शिडीच्या पायऱ्या आणि कठड्याच्या पट्ट्या स्वच्छ लाकडाच्याच हव्यात. मुली उड्या मारतात. आणि गाठी असलेली फळी, निळी असो की पांढरी, कुठेही भार घेणाऱ्या जागी नको. पलंगाच्या मजबुतीला निळ्या डागापेक्षा गाठ कितीतरी जास्त धोकादायक असते आणि गाठींबद्दल कुणी विचारत नाही.

दम्याची शंका मात्र साहेबांची रास्त होती. केसाळ बुरशीचे बीजाणू हवेत उडतात आणि संवेदनशील माणसाला त्रास होऊ शकतो. म्हणून सगळ्या फळ्यांना रंधा मारून, वाळल्यावर पॉलिशचे दोन हात सर्व बाजूंनी, खालच्या बाजूलाही दिले. वाळलेल्या, पॉलिश केलेल्या लाकडातली निळी बुरशी वाढत नाही आणि बीजाणूही सोडत नाही.

निकाल

पलंग अकरा दिवस उशिरा गेले. वसतिगृहाने ते घेतले. गादीखालच्या फळ्या निळ्या असल्याची नोंद कामाच्या कागदावर केली, आणि ताईंनी त्या बदल्यात भावात थोडी सूट दिली. गांधीधामच्या व्यापाऱ्याने भट्टीच्या भाड्याचा निम्मा भाग पुढच्या बिलात वळता करायचं कबूल केलं. तेवढं मिळालं ते मीटरच्या फोटोंमुळे. फोटोंवर तारीख होती आणि बिलावर ‘सीझन्ड’. भट्टी, वाया गेलेल्या फळ्या, सूट, सगळं धरून या कामात ताईंना नफा जवळजवळ उरला नाही. गिऱ्हाईक टिकलं.

पुढच्या पावसाळ्यात मी जाऊन पाहिलं. पॉलिश कुठे फुगलं नव्हतं. एका पलंगाच्या निळ्या फळीवर एका मुलीने पेनाने आपलं नाव लिहिलेलं होतं.

पुन्हा असं आलं तर

ट्रक रिकामा करायच्या आधी मीटर लावायचा. ताईंनी आता दोन हजारांच्या आतला पिनांचा मीटर घेतला आहे आणि बिलावर ‘सीझन्ड’ ऐवजी ओलाव्याचा आकडा लिहून मागतात. आकडा लिहायला तयार नसलेल्या व्यापाऱ्याचा माल पावसाळ्यात घेत नाहीत. थरांमध्ये पट्ट्या घालून रचायला मिस्त्री स्वतः उभे राहतात. ‘एचटी’चा अर्थ आता कारखान्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या वाट्याचं असं: फोटो पाहून निदान करायचं नाही असं मी विद्यार्थ्यांना कायम सांगत आलो आणि स्वतः तेच केलं. भुंग्याची आणि बुरशीची गोष्ट मला इतकी पाठ आहे, इतकी आवडते, की निळा चतकोर दिसताच मी ती सांगायला लागलो. ती गोष्ट खरी होती, पण ती न्यूझीलंडातच संपलेली होती. पडवीत दुसरंच काहीतरी चाललं होतं आणि मी त्यात सहा दिवस घालवले. पहिल्याच फोनवर “हात लावून पाहा, ओलं लागतं का, वास येतो का” एवढं विचारलं असतं तरी केसाळ बुरशी धरायच्या आत थप्पी उलगडली असती. मग साहेबांना पाहणीत फक्त निळे पट्टे दिसले असते, आणि ते समजावणं सोपं होतं.

एका गोष्टीवर माझं आणि ताईंचं अजून एकमत नाही. मला वाटतं की निळ्या पाइनचं वेगळं सामान करून कॅफेवाल्यांना विकावं, पट्टे दिसतील असंच. ताई म्हणतात नागपुरात डागाळलेल्या लाकडाला कुणी पैसे देणार नाही. उरलेल्या निळ्या तुकड्यांचं त्यांनी एक छोटं स्टूल करून ऑफिसात ठेवलं आहे, येणारे लोक काय म्हणतात ते पाहायला. आत्तापर्यंत दोघांनी विचारलं, शाई सांडली का.

जुने बांबू अजून त्याच भिंतीला टेकलेले आहेत.